ओहम नेमका कुणाचा? पारा, तार आणि क्वांटमची गोष्ट

२० मे २०१९ या दिवशी जगातल्या प्रत्येक ओहमची किंमत सरकारी हिशोबात किंचित बदलली. किती? साडेपाच कोटींत एक भाग, जवळपास तेवढाच. तुमचं वीजबिल हललं नाही, कुणी संपही केला नाही. पण या एवढ्याशा फरकामागे दीडशे वर्षांचं भांडण आहे आणि त्याची सुरुवात समुद्राच्या तळाशी झाली.

१८५८ची अटलांटिक केबल काही आठवड्यांत मुकी झाली. मग तांबड्या समुद्रातून हिंदुस्थानकडे टाकलेली केबलही बसली. पाण्याखाली शेकडो मैल तार, बिघाड नेमका कुठे ते दिसणार कसं? उपाय एकच: किनाऱ्यावरून तारेचा रेझिस्टन्स मोजायचा आणि एका मैलाला किती ते माहीत असेल तर भागाकार करून अंतर काढायचं. म्हणजे मोजायला एकक हवं. ते मात्र प्रत्येकाचं वेगळं! कुणी अमुक जाडीची मैलभर तांब्याची तार धरायचा, कुणी लोखंडाची.

१८६० साली वेर्नर सीमेन्सने सुचवलं, शून्य अंश तापमानाला १ मीटर लांब आणि १ चौरस मिलिमीटर छेदाचा पाऱ्याचा स्तंभ घ्या. सोपं, कुठल्याही प्रयोगशाळेत जमेल असं. इंग्रजांना ते पटेना. विल्यम थॉमसनच्या पुढाकाराने ब्रिटिश असोसिएशनने १८६१ला समिती नेमली. त्यांचं म्हणणं, एकक पाऱ्यावर नको, लांबी आणि काळ यांच्यावर उभं राहायला हवं. त्या पद्धतीत रेझिस्टन्सचं माप चक्क वेगासारखं निघतं, सेकंदाला एक कोटी मीटर म्हणजे एक ओहम. (वाचून डोकं गरगरतं, तेव्हाच्या तारवाल्यांचंही गरगरलं असणार.) मॅक्सवेल आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या किंग्ज कॉलेजात फिरत्या वेटोळ्याने ते मोजलं आणि १८६५ पासून प्रमाणित वेटोळी बाहेर पडली.

घोळ असा की ते माप चुकलं होतं. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला लॉर्ड रॅलेने केंब्रिजला पुन्हा मोजलं तेव्हा तो ओहम सुमारे १.३ टक्के लहान भरला. मॅक्सवेलसारखा माणूस असूनही!

आता जरा हिशोब करून बघा. सीमेन्सचं एकक आजच्या ओहमच्या सुमारे ०.९४१ पट, ब्रिटिश असोसिएशनचं ०.९८७ पट. केबलची नोंद एका एककात, बिघाडाच्या दिवशीचं माप दुसऱ्यात, आणि रूपांतर करायला कुणी विसरला, तर १००० किलोमीटरवरचा बिघाड ४७ किलोमीटर अलीकडे दिसणार. जहाज भलतीकडेच गळ टाकत बसणार. १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' जहाजाने मुंबई ते एडन केबल टाकली. मुंबईच्या कापूस बाजाराला लंडनचे भाव ज्या तारेवरून मिळू लागले, तिचीही दुरुस्ती असल्याच भागाकारावर चालायची.

१८८१ला पॅरिसच्या परिषदेत तडजोड झाली. व्याख्या इंग्रजांची, प्रत्यक्ष माप जर्मनांच्या पाऱ्याचं. १८८४ला स्तंभाची लांबी १०६ सेंटिमीटर ठरली, १८९३ला शिकागोत १०६.३. माझ्या मते हा राजकारणाचा उत्तम नमुना आहे, दोघांनाही आपण जिंकलो असं वाटलं. १ जानेवारी १९४८ला पारा निवृत्त झाला. तेव्हाचा हिशोब: १ जुना आंतरराष्ट्रीय ओहम म्हणजे १.०००४९ नवा ओहम.

पुढे देशोदेशींच्या प्रयोगशाळा तारेची वेटोळी तेलात बुडवून जपत राहिल्या. पण तार म्हातारी होते, तिचा रेझिस्टन्स वर्षागणिक सरकतो. म्हणजे अमेरिकेचा ओहम वेगळा, दुसऱ्या देशाचा वेगळा.

फेब्रुवारी १९८०मध्ये ग्रनोब्लला क्लाउस फॉन क्लिट्झिंगला दिसलं की प्रचंड चुंबकीय क्षेत्रात, अतिथंड तापमानाला एका ट्रान्झिस्टरचा हॉल रेझिस्टन्स पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. या पायऱ्या फक्त दोन निसर्गस्थिरांकांवर अवलंबून, प्लांकचा स्थिरांक आणि इलेक्ट्रॉनचा भार. १९८५ला त्याला नोबेल मिळालं. पायरी सगळीकडे सारखीच, पण एसआय ओहममध्ये ती नेमकी किती, हे तेवढ्या अचूकतेने माहीत नव्हतं. म्हणून १ जानेवारी १९९०पासून आकडा सरळ ठरवून टाकला: २५,८१२.८०७ ओहम. अमेरिकेला त्या दिवशी आपला ओहम १.६९ दशलक्षांश वर सरकवावा लागला. मेख अशी की हा '१९९०चा ओहम' काटेकोरपणे एसआय नव्हताच. २९ वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा व्याख्येतल्या ओहमशेजारी ठेवलेल्या दुसऱ्याच ओहमवर चालल्या, आणि फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं.

नोव्हेंबर २०१८ला व्हर्सायला मतदान झालं, दोन्ही स्थिरांक कायमचे गोठवले गेले आणि पायरी निघाली २५,८१२.८०७४५९ ओहमच्या आसपास. १९९०चा १ ओहम म्हणजे आता १.००००००० १७७९ ओहम. ज्या प्रयोगशाळेच्या जुन्या प्रमाणपत्रावर बरोबर १०,००० ओहम लिहिलंय, तिथे आता ०.०००१७८ ओहम मिळवायचे. रेझिस्टर तोच, कपाटही तेच, बदलला फक्त कागदावरचा आकडा. व्होल्टचा फरक याच्या सहापट होता, त्याने जास्त प्रमाणपत्रं बदलायला लावली.

आपल्याकडे ही राखण दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. पॅरिसहून वेटोळं आणण्याची गरज आता उरलेली नाही. अतिथंड तापमान आणि मोठ्ठा चुंबक मात्र लागतोच.