मत देण्याआधीची निवड

मतदानाच्या दिवशी आपण सकाळीच स्वयंपाक उरकून रांगेत लागतो. बोटाला शाई लागते आणि वाटतं, निवड आपण केली. पण मशीनवर जी नावं होती, ती तिथं आली कशी? गावात पॅनल ठरतं, ती बैठक कुठं भरते? कुणाच्या ओसरीवर, नाहीतर पानठेल्याजवळ, रात्रीची जेवणं झाल्यावर. त्या बैठकीत आपण किती जणी असतो? आज आम्ही या पहिल्या निवडीबद्दल बोलणार आहोत.

सुरुवात शेजारच्या वर्धा जिल्ह्यापासून करू. 2014 च्या लोकसभा निवडणुकीआधी काँग्रेसनं देशातल्या मोजक्या मतदारसंघांत एक प्रयोग केला. दिल्लीहून तिकीट येण्याऐवजी तिथल्या पक्षाच्या लोकांनीच मतदान करून उमेदवार ठरवायचा. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर इथं असं मतदान झालं. वर्ध्यात सागर मेघे आणि चारुलता टोकस समोरासमोर होते. मेघे जिंकले आणि उमेदवार झाले. पुढं मुख्य निवडणुकीत मात्र भाजपचे रामदास तडस निवडून आले.

यात दोन गोष्टी बघा. मेघे हे खासदार दत्ता मेघेंचे चिरंजीव, तर टोकस या ज्येष्ठ नेत्या प्रभा राव यांच्या कन्या. म्हणजे दार उघडलं, तरी पुढं मोठ्या घरातलीच माणसं होती. आणि मत होतं ते पक्षाचे पदाधिकारी आणि निवडून आलेले सदस्य अशांना. वर्षानुवर्षं त्या पक्षाला मत देणाऱ्या साध्या बाईला नव्हतं. हा प्रयोग पुढं रुजला नाही.

ही पद्धत मुळात अमेरिकेतली. तिथंही ती एका दिवसात आली नाही. सुरुवातीला पक्षाचे खासदार एका खोलीत बसून राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायचे. त्या बैठकीला कॉकस म्हणत. लोक याला कंटाळले. 1824 साली अशा बैठकीतून आलेले क्रॉफर्ड निवडणुकीत हरले आणि ती रीत मोडली. मग पक्षांची मोठी अधिवेशनं भरू लागली, पण तिथंही पुढाऱ्यांचाच शब्द चालायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही राज्यांत उमेदवारीसाठी लोकांचं मतदान सुरू झालं. त्याला प्रायमरी म्हणतात. तरी 1912 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी बहुतेक प्रायमरी जिंकल्या आणि उमेदवारी मात्र पक्षानं टाफ्ट यांना दिली. 1968 साली हम्फ्री तर एकाही प्रायमरीत न उतरता उमेदवार झाले. व्हिएतनामच्या युद्धावरून तरुण आधीच चिडलेले होते. शिकागोत अधिवेशन चालू असताना बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालल्या. त्यानंतर त्या पक्षाला नियम बदलावे लागले आणि 1972 पासून लोकांच्या मताला खरं वजन आलं.

त्याच 1972 साली शर्ली चिझम नावाच्या बाई राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभ्या राहिल्या. काळ्या समाजातल्या, आणि आधी लहान मुलांच्या बालवाडीत शिकवणाऱ्या. उमेदवारी मिळाली नाही, पण अधिवेशनात त्यांच्या नावानं मतं पडली. वरच्या खोलीत नावं ठरत असती, तर त्यांचं नाव कुणी काढलंही नसतं.

आता कॉकस आणि प्रायमरी यांत फरक काय? आपल्याला तो नवीन नाही. दारूबंदीसाठी आपण ग्रामसभेत सगळ्यांसमोर हात वर करून ठराव केले. आणि आडवी बाटली की उभी बाटली, हे मतदान गुप्त असतं. आजच्या काही कॉकस पहिल्यासारख्या, प्रायमरी दुसऱ्यासारखी.

आयोवा राज्यात एका पक्षाचे लोक ऐन थंडीत संध्याकाळी शाळेत नाहीतर सभागृहात जमायचे. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या गटात जाऊन उभं राहायचं. एखाद्या गटात फारच थोडी माणसं असली, तर त्यांना दुसऱ्या गटात जायची मुभा. शेजारी शेजाऱ्याला समजावायचा. मग डोकी मोजायची. प्रायमरीत दिवसभर केंद्र उघडं असतं, चिठ्ठी गुप्त असते. दोन्हींतून उमेदवारांच्या वाट्याला प्रतिनिधी येतात. उन्हाळ्यातल्या अधिवेशनात निम्म्याहून जास्त प्रतिनिधी ज्याच्या बाजूनं, तो पक्षाचा उमेदवार. मुख्य निवडणूक त्यानंतर, नोव्हेंबरात.

दोन्हींत खोट आहे. सभेत बोलणं होतं, मन बदलता येतं. पण तान्हं लेकरू असलेली किंवा रात्रपाळीला गेलेली बाई तिथं पोचत नाही. आणि समोर सासू, नवरा नाहीतर उधारी देणारा बसला असेल, तर हात वर जायला धजत नाही. चिठ्ठीत ती भीती नाही, पण चर्चाही नाही.

आपल्या राज्यात ग्रामपंचायतीच्या पन्नास टक्के जागा बायांसाठी राखीव आहेत. कायद्यानं खुर्ची दिली. त्या खुर्चीवर कोणती बाई, हे मात्र पुष्कळदा ओसरीवर ठरतं, आणि घरच्या माणसाला सोयीची बाई निवडली जाते. मग सही तिची आणि कारभार त्याचा.

याला उत्तर आपल्याकडेच आहे. बचत गटाची अध्यक्ष निवडताना आपण बसतो, बोलतो, नाव काढतो. तेच निवडणुकीआधी करू या. पॅनलची बैठक भरायच्या आधी गटागटांनी एकत्र बसावं. आधी मोकळी चर्चा करावी, मग चिठ्ठ्या टाकाव्या, म्हणजे दोन्ही पद्धतींतलं चांगलं तेवढं घेतलं जाईल. आणि निघालेलं नाव घेऊन एकटीनं नाही, दहा जणींनी त्या ओसरीवर जावं. मानलं तर ठीक. नाही मानलं, तरी पुढच्या वेळी आपल्याला विचारल्याशिवाय बैठक उरकणं त्यांना जड जाईल.