शिलाई मशीनची पहिली जुळणी : टीप बिघडते कोठे?

तोफगाड्या आणि लष्करी वाहनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जबलपूरचा दुसरा मोठा व्यवसाय शिवणकामाचा आहे. मध्य प्रदेशातील या शहरात तयार होणाऱ्या सलवार सूटना बाहेरच्या राज्यांतूनही मागणी असते. गोहलपूर भागातील लेमा गार्डन येथे तयार कपड्यांच्या उद्योगाचे क्लस्टर उभे राहिले आहे. अशा व्यवसायात शिरण्याचा पहिला मार्ग बहुधा घरातील पायमशीनच असतो.

केंद्र सरकारच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेमुळे अशी मशीन घेणे काहीसे सुकर झाले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकामाचा समावेश आहे. पात्र कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर आणि प्रशिक्षणाच्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन मिळते. मात्र मशीन घरी आली म्हणजे शिवण सुरू झाली, असे होत नाही. दोरा वारंवार तुटतो, कापडाखाली गुंता होतो आणि ‘मशीनच खराब निघाली’ असा समज करून ती कोपऱ्यात पडते. नगावर मजुरी मिळणाऱ्या घरात असा वाया गेलेला प्रत्येक दिवस कमाईतून वजा होतो. प्रत्यक्षात नव्या मशीनच्या बहुतेक तक्रारींचे मूळ जुळणीत असते आणि त्या मिस्त्रीवाचून दूर होऊ शकतात.

सुरुवात जागेपासून करावी. स्टँडचे चारही पाय जमिनीला सारखे टेकले पाहिजेत. एक पाय अधांतरी असेल तर मशीन हादरते आणि टीप वाकडी जाते. मशीनचा खांब उजवीकडे असल्याने उजेड डावीकडून आल्यास सुईवर सावली पडत नाही. पट्टा फार सैल असेल तर चाकावरून घसरतो, फार ताणलेला असेल तर पायडल जड जाते.

पहिले काही तास दोरा न ओवताच पायडलचा सराव करणे हिताचे असते. हातचाक नेहमी शिवणाऱ्याच्या दिशेने फिरले पाहिजे. नवशिक्याच्या पायाखाली ते अनेकदा उलटे फिरते आणि दोरा शटलमध्ये अडकतो. चाकाला हाताने योग्य दिशेने गती देऊन मग पाय चालवावा. वहीच्या रेघी कागदावर दोऱ्याविना टीप मारली की सरळ रेषेचाही सराव होतो. कागदामुळे सुईचे टोक बोथट होत असल्याने प्रत्यक्ष शिवताना मात्र सुई नवी लावावी.

सर्वाधिक चुका सुई बसवताना होतात. घरगुती मशीनच्या सुईच्या जाड भागाची एक बाजू सपाट असते आणि तिच्या विरुद्ध बाजूला नेढ्यापर्यंत उतरणारी लांब खाच असते. दोरा या खाचेतून खाली येतो आणि त्याच बाजूने नेढ्यात ओवला जातो. सपाट बाजू कोणत्या दिशेला ठेवायची, हे मशीनच्या प्रकारानुसार बदलते. नेढ्याआधीचा शेवटचा दोरामार्ग ज्या बाजूला असेल, त्या बाजूला लांब खाच आली पाहिजे, ही खूण लक्षात ठेवल्यास गफलत होत नाही. सुई वर पूर्णपणे टेकवूनच स्क्रू आवळावा. ती थोडी खाली राहिली किंवा उलटी बसली, तर शटलच्या टोकाला दोऱ्याचा फास सापडत नाही आणि टाके सुटतात. क्रमांकही कापडानुसार निवडावा : जॉर्जेटसारख्या तलम कापडाला ९ किंवा ११, सुती सूटला ११ किंवा १४, जीन्सला १६.

बॉबिन भरण्यापूर्वी हातचाकाच्या मधली चकती सैल केली की सुई थांबते आणि फक्त चाक फिरते. दोरा बॉबिनवर सारखा बसावा. एका बाजूला ढीग झाला तर शिवताना तो झटके देतो. भरलेली बॉबिन केसमध्ये घालून दोरा पोलादी पट्टीखालून बाहेर काढावा. केस दोऱ्याला लटकवून पाहिल्यास ती आपोआप खाली घसरता कामा नये, पण हलका हिसका दिल्यावर थोडी उतरली पाहिजे. बॉबिनचा ताण परखण्याची शिंप्यांची ही जुनी रीत आजही सर्वांत भरवशाची आहे.

वरचा दोरा ओवताना कापड दाबणारा फूट वर उचललेला असावा. त्या वेळी टेन्शनच्या चकत्या उघडतात आणि दोरा त्यांच्यामध्ये नीट बसतो. दोरा ओढणारी दांडीही सर्वांत वर असावी. ओवून झाल्यावर दोऱ्याचे टोक हातात धरून चाक एक फेरा फिरवले की खालचा दोरा वर येतो. दोन्ही दोरे फुटाखालून मागे घ्यावेत. हे राहून गेले की पहिल्याच टाक्याला गुंता होतो.

यानंतर दुहेरी चिंधीवर टीप मारून पाहावी. सुईचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे कापडाच्या मध्यभागी एकमेकांत अडकतात, तेव्हा टीप दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. कापडाच्या खालच्या बाजूला फास दिसू लागले, तर नवशिक्याचा हात बॉबिनकडे जातो. दोष मात्र बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. एकतर तो चकत्यांमध्ये बसलेला नसतो किंवा वरचे टेन्शन सैल असते. म्हणून आधी दोरा काढून पुन्हा ओवावा आणि मगच टेन्शन थोडे वाढवावे. खालचा दोरा वर ओढला जात असेल, तर वरचे टेन्शन कमी करावे. बॉबिन केसचा बारीक स्क्रू सर्वांत शेवटी आणि तोही पाव फेऱ्याहून कमी फिरवावा. दोऱ्याची जाडी वर-खाली वेगवेगळी असेल तर टीप जुळवणे अवघड जाते. सूटच्या साध्या शिवणीला इंचात १० ते १२ टाके पुरेसे ठरतात.

तेल मशीनचेच वापरावे. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल काही दिवसांत चिकट होऊन मशीन जड करते. तेल दिल्यावर चिंधीवर थोडे शिवून घ्यावे, म्हणजे नव्या कापडावर डाग पडत नाहीत. दात्यांखाली साचणारी सुताची भुकटी ब्रशने काढत राहावे.

घरच्या मशीनवर हात बसलेल्यांना कारखान्यात वेगळी अडचण येते. तेथील मोटारीवरची मशीन मिनिटाला चार ते पाच हजार टाके घालू शकते आणि तिच्या सुईचा जाड भाग पूर्ण गोल असतो. सपाट बाजूची खूण तेथे मिळत नाही. एका सुईच्या साध्या टिपेच्या मशीनवर लांब खाच डावीकडे ठेवून सुई बसवतात आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवतात. खाच डोळ्यांना दिसत नसेल तर नखाने चाचपून पाहावी.