एक्स-रेतली फट

आईच्या खुब्याचा सांधा बदलल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. मांडीच्या हाडात ठोकलेला धातूचा दांडा, त्यावर गोळा, भोवती धातूची वाटी. पण गोळा आणि वाटी यांच्यामध्ये चक्क फट! ‘तिथं प्लास्टिकचं अस्तर आहे, ते एक्स-रेत उमटत नाही,’ डॉक्टर म्हणाले. या न दिसणाऱ्या प्लास्टिकचा इतिहास मी शोधू लागलो.

बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९०च्या सुमारास हस्तिदंती सांधे बसवले होते. जंतुसंसर्गापुढे ते टिकले नाहीत. आजच्या खुब्याची वाट मात्र इंग्लंडमधल्या राइटिंग्टन इस्पितळात सापडते. तिथले शल्यविशारद जॉन चार्नली यांचा सारा भर घर्षण कमी करण्यावर होता. म्हणून त्यांनी गोळा लहान घेतला, कवळीसाठी वापरतात तशा अ‍ॅक्रिलिकने सांधा हाडात घट्ट बसवला आणि वाटीसाठी अत्यंत गुळगुळीत टेफ्लॉन निवडले. अंथरुणाला खिळलेली माणसे चालू लागली.

पण दोन-तीन वर्षांतच वाट्या झिजल्या. झिजलेल्या कणांमुळे आजूबाजूला गाठी झाल्या, सांधे सैल पडले. सुमारे ३०० रुग्णांना या वाट्या बसवल्या होत्या. चार्नली यांनी अपयश लपवले नाही. स्वतःच्या मांडीत टेफ्लॉनचे कण टोचून घेतले, गाठी आल्याचे पाहिले आणि १९६३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते जाहीरही केले. गुळगुळीत असणे वेगळे आणि झिजेला टिकणे वेगळे, हा धडा फार महाग पडला.

दरम्यान, १९६२ साली एका विक्रेत्याने पॉलिएथिलीनचा तुकडा आणून दिला. चार्नली यांनी तो नापसंत केला. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र साहेब परदेशी असताना तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजे, तेवढेही हे तीन आठवड्यांत झिजले नाही. त्याच नोव्हेंबरपासून पॉलिएथिलीनच्या वाट्या बसू लागल्या.

पुढे प्लास्टिक सुधारले, तरी थोडीफार झीज होतेच. तपासणीच्या वेळी डॉक्टर नव्या एक्स-रेत गोळा वाटीच्या मधोमध आहे ना, हे बघतात. वरच्या बाजूने फट अरुंद झाली, तर अस्तर झिजले असे समजायचे. आई जिना चढू लागल्याच्या आनंदात असते. मी आधी फट बघतो.