जवळात जवळ

इंग्रजी कायद्यात ‘सी-प्रे’ असा एक शब्द आहे. नॉर्मन फ्रेंचमधून आलेला. अर्थ ‘होईल तितकं जवळ’. दात्याने नेमून दिलेलं काम करण्याजोगं उरलं नाही, तर न्यायालय त्याच्या हेतूच्या जवळचं काम शोधून पैसा तिकडे वळवतं. आपल्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ५५ च्या मथळ्यातही हाच शब्द आहे. पण जवळ म्हणजे किती जवळ?

लंडनच्या लेडी जेन माइको या विधवेने १६७० मध्ये मृत्युपत्र केलं. नवऱ्याच्या पुतण्याने तिच्या एखाद्या भाचीशी लग्न केलं तर त्याला २००० पौंड मिळायचे होते. लग्न झालं नाही. मग त्यातले १००० तिने गरीब गुलामांना ‘रिडीम’ करण्यासाठी ठेवले. या क्रियापदाचा लॅटिनमधला अर्थ परत विकत घेणं. ‘रॅन्सम’ हा त्याचाच सख्खा भाऊ. तेव्हाच्या लंडनकरांना गुलाम म्हणजे अल्जियर्सच्या चाच्यांनी धरून नेलेले ख्रिस्ती खलाशी. खंडणी मोजायची, माणूस आणायचा, इतका रोकडा अर्थ.

१८३० मध्ये फ्रान्सने अल्जियर्स घेतलं. सोडवायला कोणी उरलं नाही आणि रक्कम मात्र वाढत वाढत १ लाख पौंडांच्या पुढे गेली होती. तेवढ्यात १८३४ मध्ये ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपली. सरकारने मळेवाल्यांना २ कोटी पौंड भरपाई दिली. राबलेल्यांना दमडी नाही. गुलामगिरीविरोधी खासदार थॉमस फॉवेल बक्स्टन यांच्या प्रयत्नांनी माइको निधी मुक्त झालेल्यांच्या शिक्षणाकडे वळला. १८३५ मध्ये न्यायालयाने ‘जवळ’ हा शब्द भूमध्य समुद्रातून थेट कॅरिबियनपर्यंत ताणला. मला ही ओढाताण पटते. मृत्युपत्रातल्या ‘गुलाम’ या शब्दाचा रंग बाईंनी कुठे लिहिला होता?

मराठीत हे प्रकरण कोर्टात गेलंच नसतं, असं उगाच वाटतं. ‘रिडीम’साठीचं आपलं ‘सोडवणं’ कैद्याला चालतं, गहाणाला चालतं आणि फळ्यावरच्या गणितालाही.

माइको निधीतून जमैका, अँटिग्वा, त्रिनिदाद, गयाना इथे शाळा निघाल्या. शिकवायला माणसं हवीत म्हणून शिक्षक घडवणं आलं. अँटिग्वातलं अध्यापक विद्यालय १८९९ मध्ये बंद पडलं. किंग्स्टनमधलं १८३६ चं मात्र टिकलं, २००६ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज झालं आणि अजून शिक्षक तयार करतं. जमैकात त्याला नुसतं ‘द माइको’ म्हणतात.