हौशी क्रिकेट सामन्याचे पहिले छायाचित्रण

कॅमेरा घेऊन पारनेर तालुक्यात येणारा पाहुणा सहसा निघोजची वाट धरतो. कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे पाहण्याजोगे आहेतच, शिवाय ते जागचे हलत नाहीत. गावाबाहेरच्या माळावर टेनिस चेंडूने रंगलेला सामना मात्र प्रथमच टिपू पाहणाऱ्याची त्रेधा उडवतो.

ही अडचण जुनीच आहे. इंग्लंडमध्ये रॉजर फेंटन यांनी १८५७ मध्ये क्रिकेट सामन्याचे छायाचित्र घेतले, तेव्हा काचपट्टीवर प्रतिमा उमटण्यास काही सेकंद लागत. जॉर्ज बेल्डम हे स्वतः हौशी क्रिकेटपटू. पुढे सरसावलेल्या व्हिक्टर ट्रंपरचे त्यांनी टिपलेले छायाचित्र १९०५ मध्ये पुस्तकरूपाने लोकांसमोर आले आणि धावत्या खेळाला कॅमेऱ्यात पकडता येते, हे सिद्ध झाले.

वेगाचे गणित
टेनिस चेंडू ताशी १०० किलोमीटर वेगाने आला, तर सेकंदाच्या २५०व्या भागात तो सुमारे ११ सेंटिमीटर पुढे सरकतो. त्याचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. साहजिकच छायाचित्रात चेंडूऐवजी लांबट रेघ उमटते. शटरचा वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवला, तर हे अंतर पावणेतीन सेंटिमीटरवर येते. स्वच्छ उन्हात आयएसओ ४०० ठेवूनही हा वेग सहज साधतो. सायंकाळी आयएसओ वाढवावा. चित्रात थोडे कण दिसले तरी चालतील, चेहरा अस्पष्ट झालेला चालत नाही.

चेंडू बॅटवर आदळल्याचे दिसल्यावर बटण दाबणे म्हणजे उशीर. फोकस आधीच फलंदाजावर धरावा आणि बॅट खाली येऊ लागताच सलग चित्रे घ्यावीत. ३०० मिलिमीटरपर्यंतची झूम लेन्स सुरुवातीला पुरेशी आहे. केवळ मोबाइल असणाऱ्यांनी दूरच्या फटक्यांमागे न लागता नाणेफेक, धावा लिहिणारा मुलगा, झाडाखाली पॅड बांधणारा फलंदाज असे जवळचे विषय निवडावेत.

जागा आणि प्रकाश
उजव्या फलंदाजाचा चेहरा ऑफ साइडकडे असतो, म्हणून सीमारेषेबाहेर पॉइंट व कव्हर यांच्या दरम्यान बसावे. डावखुरा असल्यास बाजू बदलावी. गोलंदाजाच्या पाठीमागे, फलंदाजाच्या नजरेसमोर मात्र हालचाल करू नये. फ्लॅशही वापरू नये. सामन्यापूर्वी आयोजक व पंचांची परवानगी घेणे हे सौजन्याचे आहे. चामडी चेंडूचा सामना असल्यास कॅमेऱ्याला डोळा लावून बेसावध राहणे धोक्याचे ठरते.

पारनेर हा पर्जन्यछायेतला अवर्षणप्रवण तालुका. दुपारच्या कडक उन्हात टोपीची सावली खेळाडूंचे डोळे झाकून टाकते. सकाळचा पहिला प्रहर आणि दुपारी चारनंतरची वेळ उत्तम. तेव्हा तिरप्या प्रकाशात गोलंदाजाच्या पायाखालून उडणारी धूळसुद्धा चित्राला उठाव देते. अर्थात, त्याच धुळीत लेन्स बदलण्याचा मोह टाळावा.

एवढा खटाटोप कशासाठी?
अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूरला झहीर खान आणि संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दला अजिंक्य रहाणे यांचा जन्म झाला. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या शालेय सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा काढल्या. उद्या कोण नावारूपाला येईल, हे आज माळावर उभे राहून सांगता येत नाही. शिवाय, बहुतेक खेळाडू मोठ्या मैदानावर कधीच जाणार नाहीत. त्यांच्या सामन्यांना दूरदर्शनचा कॅमेरा नसतो, आणि धावफलकाची वही पुढच्या हंगामापर्यंत टिकेलच असे नाही. शेतीची, नोकरीची कामे सांभाळून खेळलेल्या त्या डावाचा एखादा चांगला फोटो हाच पुष्कळदा एकमेव पुरावा उरतो.

म्हणून छायाचित्राइतकीच त्याखालची ओळ महत्त्वाची. खेळाडूचे नाव, गाव, तारीख व धावसंख्या सामना संपताच धावलेखकाकडून लिहून घ्यावी. लहान मुलांचे चित्र प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांना विचारावे. आणि निवडक छायाचित्रांच्या प्रती खेळाडूंपर्यंत अवश्य पोहोचवाव्यात. त्यांची खरी जागा त्यांच्या घरातील भिंतीवर आहे.