घोसाळ्याचा लूफा कारखान्यात कसा तयार होतो?

आंघोळीसाठी मिळणारा पिवळसर, जाळीदार लूफा म्हणजे समुद्रातला स्पंज, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो आपल्या ओळखीच्या वेलावरचा आहे. ज्या घोसाळ्याची आपण भजी करतो, तेच फळ वेलावर जून होऊ दिले की गर सुकतो आणि आत तंतूंचे जाळे तेवढे उरते.

फळ तपकिरी व हलके झाले आणि हलवल्यावर बिया खुळखुळू लागल्या, की तोडणी करतात. घाई केली तर तंतू कच्चे राहतात. उशीर होऊन फळ पावसात सापडले तर काळे डाग पडतात. कारखान्यात फळे आधी पाण्यात भिजत घालतात. साल सैल झाली की ती सोलून काढतात, टोके कापतात आणि फळ आपटून बिया झाडतात. मग चिकट गर पूर्ण निघेपर्यंत धुलाई. हे काम कंटाळवाणे, पण सगळी मदार त्यावरच. गर राहिला तर पुढे बुरशी धरते.

रंग एकसारखा यावा म्हणून बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइडच्या पाण्यात विरंजन करतात. त्याचे विघटन होऊन पाणी आणि ऑक्सिजनच उरतो. क्लोरीनचा वापरही होतो, पण तो जास्त झाला तर तंतू कमकुवत होतात. त्यामुळे पांढराशुभ्र लूफा अधिक स्वच्छ असतो असे समजू नये.

उन्हात वाळवलेले तुकडे रुळांमधून दाबून चपटे करतात. त्याने वाहतुकीत जागा वाचते, आणि पाण्यात टाकताच तुकडा पुन्हा फुगतो. काही तुकडे उभे चिरून, टॉवेलच्या कापडाला शिवून हातमोजे किंवा पाठ घासायचे पट्टे बनवतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानमधून येणारा लूफा अमेरिकेत जहाजांच्या इंजिनांच्या गाळण्यांसाठीही वापरत. युद्धात तो पुरवठा थांबला.

एवढी निगा घेऊन बनलेली वस्तू आपण मात्र ओल्या न्हाणीघरात लटकवून ठेवतो. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात लूफ्यात रोगकारक जिवाणू वाढू शकतात आणि त्यातून त्वचेवर जाऊ शकतात, असे आढळले. म्हणून वापरानंतर पिळून उन्हात किंवा वाऱ्यावर वाळवा, काही आठवड्यांनी बदला. जुना टाकायचा असेल तर शिवलेले कापड व दोरा काढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका, कुजून जाईल.