सांधा झिजतो की मोडला जातो?



निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काय किंवा बेळगावच्या एखाद्या जुन्या वाड्यात काय, वयस्क बाईला सांध्याच्या दुखण्याविषयी विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "वय झालं, झिजले सांधे!" जात्याची तळी झिजावी तसा सांधा झिजतो, ही समजूत केवळ लोकांची नव्हती, वैद्यकानेही ती दीर्घकाळ बाळगली. ती कशी ढळली, याचा इतिहास ऐकण्याजोगा आहे. जे झिजले त्यापुढे मनुष्य हताश होतो. परंतु जे कोणाच्या आज्ञेवरून मोडले जात असेल, तेथे ती आज्ञा अडविता येते.

हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या माधवनिदानाने 'आमवात' हा स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिला, आणि त्याचे मूळ सांध्यात न शोधता शरीरात साचलेल्या 'आमा'त शोधले. आधुनिक शास्त्राची वाट निराळी. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालय निघाले १९६३ साली. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत ग्रॉस व लापिएर या संशोधकांना बेडकाच्या पिलाच्या गळून जाणाऱ्या शेपटीत एक विकर सापडले. कूर्चेला बळकटी देणारे कोलॅजेनचे चिवट धागे तोडणारे ते विकर होते. शरीर आपलेच बांधकाम आपणच उतरवू शकते, हे त्यावरून कळले.

पण उतरविण्याचा हुकूम देतो कोण? १९७७ साली केंब्रिज येथे ऑनर फेल आणि त्यांचे सहकारी जब यांनी डुकराच्या सांध्याचे अस्तर व कूर्चा एकाच पात्रात, परंतु एकमेकांस न भिडता, ठेवली. जिवंत कूर्चा विरू लागली. मृत कूर्चा तशीच राहिली. अस्तराकडून काही निरोप येत होता, आणि तो ऐकून कूर्चेच्या स्वतःच्या पेशीच तिचा नाश करीत होत्या! या निरोप्या द्रव्याला 'कॅटाबोलिन' असे नाव मिळाले. १९८५ च्या सुमारास जेरेमी साकलातवाला यांनी ते इंटरल्युकिन-१ असल्याचे दाखविले, आणि १९८६ मध्ये टीएनएफ हे दुसरे द्रव्यही तेच कार्य करते असे सिद्ध केले. ही द्रव्ये मोडतोड वाढवितात, आणि नवी बांधणीही थोपवितात.

लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी १९९२ साली लंडनमध्ये टीएनएफला अडविणारे औषध आमवाताच्या रुग्णांना प्रथम दिले, आणि सुजलेले सांधे उतरू लागले. तथापि, उतारवयातील गुडघेदुखीत असा उपाय अद्याप फळलेला नाही. तेथे भार, वय आणि दाह यांची गुंतागुंत अधिक आहे.

हे दूरदेशीचे दुखणे नव्हे. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व सहकाऱ्यांनी चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली, तेव्हा दर दोनशेंत सुमारे एकास आमवात आढळला. धूम्रपानाने या रोगाचा धोका वाढतो, ही गोष्ट तंबाखूच्या या मुलखाने विशेष ध्यानी घ्यावयास हवी.

मोडलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. म्हणून सकाळी हातांचे सांधे तासभर आखडत असतील व सूज आठवडे टिकत असेल, तर 'वय झालं' म्हणून स्वस्थ न बसता वैद्याकडे जावे. निरोप लवकर अडविला, तरच सांधा वाचतो.